सुया टोचून घेऊ की व्यायाम करू? गुडघेदुखीवरचे तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मानदुखीवर लिहिलं होतं, आणि शेवटी सहज म्हटलं होतं की गुडघ्यांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा. एवढी पत्रं आली की बाकीचे विषय पुढे ढकललेत. मी सोलापुरात तेवीस वर्षं फिजिओथेरपी करतेय आणि त्यातली निम्मी वर्षं तरी गुडघ्यांतच गेली असतील. निम्म्याहून जास्त पत्रांत ॲक्युपंक्चरचा उल्लेख आहे, त्यामुळे सुरुवात तिथूनच.

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्या सासूबाई ६९ वर्षांच्या आहेत. चार वर्षं झाली दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्स-रेमध्ये ग्रेड थ्री, म्हणजे चारपैकी तिसऱ्या पायरीची झीज आली. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं आत्ता ऑपरेशन नको, व्यायाम करा, वजन कमी करा. फिजिओकडे आठ दिवस जाऊन शेक घेतला आणि मग बंद केलं. आता आमच्या इथे एकांनी ॲक्युपंक्चर सुरू केलंय, शेजारच्या काकूंना खूप फरक पडला. २० सिटिंगचं पॅकेज १० हजार, सगळे आधी भरायचे. ते म्हणतात सुयांनी गादी परत तयार होते आणि कोर्स चालू असताना व्यायाम अजिबात करायचा नाही. सासूबाईंची खूप इच्छा आहे, सासरे म्हणतात पैसे वाया जाणार, आणि मी दोघांच्या मधे. सुया की व्यायाम, एकदाचं सांगा. (एक सूनबाई, बार्शी)

उत्तर : सूनबाई, आधी दोन गोष्टी सरळ सांगते. सुयांनी गादी, म्हणजे हाडांच्या टोकांवरची कुर्चा, परत तयार होत नाही. आणि सुया चालू असताना व्यायाम करायचा नाही हे सांगणं चुकीचं आहे, नुसतं चुकीचं नाही तर त्याने तुमच्या सासूबाईंचं नुकसान होईल, कारण दोन अडीच महिने पाय जागेवर ठेवले तर मांडीचा जो काही स्नायू शिल्लक आहे तोही जाईल आणि मग उठताबसताना आत्तापेक्षा जास्त त्रास होईल.

पण म्हणून सासरेबुवांचं बरोबर, असंही मी म्हणणार नाही. काकूंना फरक पडला तो खोटा नाहीये. माझ्याकडेही असे कितीतरी पेशंट आहेत जे म्हणतात सुयांनी झोप लागायला लागली, रात्रीची ठणक कमी झाली. हे का होतं यावर जगात बराच अभ्यास झालाय, आणि तो तुम्हाला माहीत असावा असं मला मनापासून वाटतं, कारण १० हजार ही बार्शीत काय किंवा कुठेही काय, लहान रक्कम नाही.

जर्मनीत एक मोठा अभ्यास झाला, २००६ साली छापून आला, गुडघेदुखीचे १००७ पेशंट. त्यांचे तीन गट केले. एका गटाला चिनी शास्त्राप्रमाणे नेमक्या बिंदूंवर सुया. दुसऱ्या गटाला सुयाच, पण भलत्याच जागी आणि अगदी वरवर टोचलेल्या, म्हणजे नकली ॲक्युपंक्चर, आणि पेशंटला माहीत नाही आपण कुठल्या गटात आहोत. तिसऱ्या गटाला सुया नाहीत, नेहमीसारखं डॉक्टरांना भेटणं आणि गोळ्या. फिजिओथेरपीची सोय तिन्ही गटांना होती. सहा महिन्यांनी बघितलं तर खऱ्या सुयांच्या गटात ५३ टक्के लोकांना चांगला फरक होता, नकली सुयांच्या गटात ५१ टक्के, आणि सुया नसलेल्या गटात २९ टक्के. आता बघा, याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे आहेत. सुया घेणाऱ्यांना न घेणाऱ्यांपेक्षा बरं वाटलं हे खरं. पण सुई कुठे टोचली याने जवळजवळ काहीच बदललं नाही हेही खरं. म्हणजे बरं वाटण्यात मोठा वाटा कशाचा, तर शांत खोलीत अर्धा तास आडवं पडणं, कोणीतरी आपल्या दुखण्याकडे नीट लक्ष देणं, बरं वाटेल हा विश्वास, आणि टोचल्यामुळे शरीर स्वतःच जी वेदनाशामक द्रव्यं सोडतं ती. दुखणं मेंदूपर्यंत पोचतं ते मज्जातंतूंमधून, तिथे काहीतरी शांत होतं. हाडांच्या टोकांवरची कुर्चा मात्र आहे तशीच राहते.

उलट बाजूचंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई एकांगी लिहितात. बीजिंगमधल्या डॉक्टरांनी २०२१ ला ४८० पेशंटचा अभ्यास छापला. आठवड्यातून तीन वेळा, आठ आठवडे, म्हणजे २४ सिटिंग. तिथे सुयांना हलका करंट जोडलेल्या गटात ६० टक्के लोकांना फरक पडला आणि नकली सुयांच्या गटात ४७ टक्के. म्हणजे तिथे थोडा खरा फायदा दिसला. थोडा, पण दिसला.

आता तुमचा नेमका प्रश्न, सुया की व्यायाम. हाच प्रश्न घेऊन इंग्लंडमधल्या फिजिओथेरपिस्टनी अभ्यास केला होता, २००७ चा, पन्नाशीच्या पुढचे ३५२ लोक. सगळ्यांना सल्ला आणि व्यायाम दिला, काहींना त्याच्या जोडीला खऱ्या सुया, काहींना न टोचणाऱ्या नकली सुया. पहिल्या काही आठवड्यांत सुयांच्या दोन्ही गटांना दुखण्यात किंचित जास्त आराम वाटला, पण सहा महिन्यांनी मोजलं तर नुसता व्यायाम करणारे आणि व्यायाम अधिक सुया घेणारे, दोघांच्या दुखण्यात फरक नव्हता. म्हणून मी नेहमी सांगते की व्यायाम हे जेवण आहे, सुया म्हणजे फार तर तोंडी लावणं. तोंडी लावण्यावर पोट भरत नाही, पण जेवण जात नसेल तर त्याने दोन घास जास्त जातात.

तेव्हा सासूबाईंची इच्छा आहे तर घेऊ द्या, माझी काही हरकत नाही. फक्त २० सिटिंगचे पैसे आधी भरू नका. सहा ते आठ सिटिंगचं बोला, आणि सुरू करण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहून ठेवा : रात्री दुखण्याने किती वेळा जाग येते, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, आणि न थांबता किती मिनिटं चालता येतं. आठ सिटिंगनंतर परत लिहा. काहीच हललं नसेल तर थांबा. आणि ज्या दिवसांत हलकं वाटेल त्या दिवसांत व्यायाम करून घ्यायचा, कारण दुखणं उतरलेलं असतं तेव्हाच पाय नीट उचलला जातो. सुया घेण्याचा मला दिसणारा खरा उपयोग तो आहे.

अजून एक. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे आणि प्रॅक्टिस करणाऱ्याची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ ॲक्युपंक्चरकडे नोंदणी असावी लागते. तो नंबर मागा, मागण्यात लाजण्यासारखं काही नाही. सुई प्रत्येक वेळी नवी, तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेली. ‘तुमच्याच सुया तुमच्यासाठी डबीत ठेवल्यात’ असं कोणी म्हटलं तर तिथून उठून या.

आणि तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे ‘फिजिओकडे आठ दिवस शेक घेतला’. शेक म्हणजे फिजिओथेरपी नव्हे हो. यात आमच्या पेशाचीही चूक आहे, मशीन लावून पेशंटला पंधरा मिनिटं झोपवून ठेवायचं आणि घरी पाठवायचं, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. शेकाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. व्यायाम शिकवला नसेल तर परत जा आणि शिकवा म्हणून हट्ट धरा.

प्रश्न : मॅडम, माझं वय ७४. एसटीत कंडक्टर होतो, ३१ वर्षं उभ्याने काढली. एक्स-रे बघून सांगितलं की गुडघ्यातला गॅप संपला, वंगण संपलं, हाडावर हाड घासतंय. तेव्हापासून चालणं बंद केलंय, जास्त चाललो तर राहिलेलं पण झिजेल. मुलगा पण म्हणतो बाबा बसून राहा. पण बसून राहिलं की उठताना गुडघा धरतो आणि दिवसेंदिवस पाय बारीक व्हायला लागलेत. काय करू? (कराड)

उत्तर : काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. ‘पाय बारीक व्हायला लागलेत’ हे तुम्ही शेवटी सहज लिहिलंय पण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

हा ‘झीज’ शब्द जो आहे ना, त्याने जेवढी माणसं खुर्चीत बसवली तेवढी दुखण्याने पण बसवली नसतील. झीज म्हटलं की डोळ्यासमोर गाडीचा टायर येतो, जेवढा पळवाल तेवढा झिजणार. गुडघा टायर नाही. तो जिवंत आहे. हाडांच्या टोकावर जी कुर्चा असते, जिला आपण गादी म्हणतो, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आत जातो कधी, तर पाय हलतो, भार पडतो, भार सुटतो तेव्हा, स्पंज दाबून सोडल्यावर पाणी पितो तसा. बसून राहिलात तर तिची उपासमार होते. बसून उठताना गुडघा धरतो, आणि चार पावलं टाकली की सुटतो, होय ना?

दुसरं, एक्स-रे आणि दुखणं यांचं नातं फार सैल असतं. ग्रेड फोरचा एक्स-रे घेऊन शेतात जाणाऱ्या बायका मी बघितल्यात आणि जवळजवळ साफ एक्स-रे असून जिना न चढणारी माणसंही बघितलीत. तुमचा गॅप किती यापेक्षा तुमची मांडी किती मजबूत हे मला आधी बघायचं असतं. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू पाऊल टेकताना गुडघ्याचा धक्का झेलतो. तो बारीक झाला की सगळा धक्का थेट सांध्यावर. मग दुखतं, दुखतं म्हणून बसायचं, बसलं की अजून बारीक. तुम्ही आत्ता या चक्रात आहात काका, आणि यातून बाहेर यायचा रस्ता व्यायामाचाच आहे, दुसरा मला माहीत नाही. हे माझं एकटीचं मत नाही. कॉक्रेन म्हणून एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासते. त्यांनी २०१५ मध्ये गुडघ्याच्या व्यायामावरचे ५४ अभ्यास तपासले आणि निष्कर्ष असा आला की व्यायामाने दुखणं कमी होतं, हालचाल सुधारते, आणि व्यायामवर्ग संपल्यावरही काही महिने फायदा टिकतो.

आता करायचं काय. पहिला आठवडा फक्त दोन गोष्टी.

पलंगावर पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली सोलापुरी चादरीची घट्ट घडी ठेवा, साधारण मुठीएवढी उंच. आता गुडघ्याने ती चादर खाली दाबा, टाच किंचित उचलली तरी चालेल. मांडीवर हात ठेवा, वाटीच्या वर स्नायू दगडासारखा कडक झाला पाहिजे. तो हाताला लागला नाही तर व्यायाम झाला नाही असं समजा. पाच आकडे मोजायचे, मोठ्याने मोजा म्हणजे श्वास रोखला जात नाही, मग सोडायचं. दहा वेळा, सकाळ संध्याकाळ, दोन्ही पायांना.

दुसरं, खुर्चीतून उठणं. हा माझा सगळ्यात आवडता व्यायाम आहे, कारण तो रोजच्या जगण्यातलाच आहे. खुर्ची लाकडी घ्या किंवा प्लॅस्टिकची असेल तर भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. बसायची जागा कमी उंच असेल तर वर दोन उशा टाका. पुढे सरकून बसा, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्या, दोन पावलांत वीतभर अंतर. आता छाती पुढे न्या, इतकी की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल, आणि मग उठा. बहुतेक जण ताठ बसून उठायला बघतात म्हणून गुडघ्यावर सगळा जोर येतो आणि कळ निघते. पुढे झुकलं की तोच भार कंबरेला आणि मागच्या स्नायूंना वाटला जातो. सुरुवातीला हाताने आधार घ्या, काही बिघडत नाही. खाली बसताना धपकन बसायचं नाही, एक दोन तीन मोजत हळूहळू, कारण खरी ताकद खाली येतानाच तयार होते. पाच वेळा करा, दम घ्या, परत पाच. दुसऱ्या आठवड्यात एक उशी काढा. चौथ्या आठवड्यापर्यंत दुसरी काढा. हात छातीवर बांधून दहा वेळा उठता आलं की मला पत्र लिहा, मी वाट बघेन.

तिसऱ्या आठवड्यापासून एक वाढवा : खुर्चीत बसून पाय समोर सरळ करायचा, पाच मोजायचे, खाली. हे सोपं झालं की अर्धा किलो मीठ जुन्या मोज्यात भरून गाठ मारा आणि घोट्यावर ठेवून बांधा. जिमच्या वजनांची काही गरज नाही.

चालणं सुरू करा पण एकदम नाही, पाच मिनिटं सकाळी, पाच संध्याकाळी, सपाट रस्त्यावर, आणि दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवा. काठी घ्या. आणि काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला नाही तर विरुद्ध हातात, उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. जिना चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली.

आणि दुखलं तर? दुखणारच काका, सुरुवातीला. दुखण्याला शून्य ते दहा मार्क द्या. व्यायाम करताना पाचपर्यंत गेलं तरी चालतं, फक्त दुसऱ्या दिवशी त्या वेळेपर्यंत ते परत आधीच्या जागी आलं पाहिजे. नाही आलं, किंवा सूज आली, तर व्यायाम बंद करायचा नाही, निम्मा करायचा. सहा ते आठ आठवडे द्या, त्याआधी स्नायू तयार होत नाही, आणि बरेच जण तिसऱ्या आठवड्यात सोडतात. वजन जास्त असेल तर तेही बघा, कारण एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो. तुम्ही वजन लिहिलेलं नाही म्हणून एवढंच.

मुलाला हे उत्तर वाचायला द्या. तो प्रेमानेच बसा म्हणतोय, पण त्याला सांगा बसवू नको, संध्याकाळी दहा मिनिटं माझ्याबरोबर चल.

प्रश्न : माझं वय ७२, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत. शुगर पण आहे. ॲक्युपंक्चर घेतलं तर चालेल का? तिथल्या मदतनीस बाईंनी सांगितलं दोन दिवस आधी गोळ्या बंद करा. (नाशिक)

उत्तर : गोळ्या बंद करू नका. हे सगळ्यात आधी. स्टेंट टाकलेला असताना हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता त्या गोळ्या बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं, आणि गुडघ्याच्या आरामासाठी एवढा धोका कोणी घ्यायचा नसतो. सुया फार बारीक असतात, रक्त पातळ असलं तरी बहुतेक वेळा काळंनिळं होण्यापलीकडे काही होत नाही, पण ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, मदतनीस बाईंनी नाही. शुगरमुळे पावलं बधिर असतील तर मोक्सा, म्हणजे सुईवर किंवा सुईजवळ औषधी जाळून शेक देतात तो, घेऊ नका, भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते. पेसमेकर असलेल्या वाचकांनी करंटच्या सुया घेऊ नयेत. आणि सुया नेहमी आडवं पडून घ्या, बसून घेतल्या तर काहींना चक्कर येते.

प्रश्न : ताई, आई सहा महिन्यांसाठी लंडनला आमच्याकडे आलीय. इथल्या डॉक्टरांनी गुडघ्यासाठी ॲक्युपंक्चर द्यायला नकार दिला, म्हणाले आमच्या नियमात नाही, व्यायामाच्या वर्गाला पाठवतो. माझी बहीण अमेरिकेत आहे, ती म्हणते तिथे डॉक्टर सुचवतात. मग नक्की खरं काय? (एक मुलगा, लंडन)

उत्तर : दोघंही खरं सांगताहेत. ब्रिटनमध्ये नाइस नावाची संस्था उपचारांचे नियम ठरवते, त्यांनी २०२२ मध्ये स्पष्ट लिहिलं की झिजेच्या संधिवातासाठी (ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे आपण ज्या गुडघेदुखीबद्दल बोलतोय तीच) ॲक्युपंक्चर देऊ नये, आणि व्यायाम मात्र प्रत्येकाला द्यावा. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला होकार दिला, पण अटी घालून, कच्चा होकार. पुरावा जवळपास तोच, फक्त ब्रिटनने विचारलं की खऱ्या सुया नकली सुयांपेक्षा किती सरस, आणि सरकारच्या पैशाने द्याव्यात इतक्या सरस आहेत का, तर अमेरिकेतल्या मंडळींनी पाहिलं की धोका कमी आहे, काहींना आराम पडतो, तर पेशंटला ठरवू द्या. पण बहिणीला हेही सांगा की तिथल्या ज्येष्ठांचा सरकारी विमा, मेडिकेअर, ॲक्युपंक्चरचा खर्च देतो तो फक्त जुनाट कंबरदुखीसाठी, गुडघ्यासाठी नाही. आणि व्यायाम, वजन कमी करणं याबद्दल दोन्ही देशांत एकमत आहे. आईंना त्या वर्गाला नक्की पाठवा. भाषेची अडचण असेल तर पहिल्या दिवशी तुम्ही सोबत जा, व्यायाम मोबाईलवर शूट करून आणा आणि घरी तिच्याबरोबर बघून करा.

प्रश्न : आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी ॲक्युपंक्चर भारतात आणलं असं व्याख्यानात ऐकलं, खरं आहे का? (सोलापूर)

उत्तर : पूर्ण खरं नाही, पण नातं आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, जखमी सैनिकांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, वय अवघं ३२. ते सर्जन होते, सुयांचे वैद्य नव्हते. त्याच पथकातले त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू पुढे परत चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी ते कोलकात्यात सुरू केलं. कोटणीसांच्या नावाने जी केंद्रं दिसतात त्यामागे हा इतिहास आहे. सोलापूरकर म्हणून मला त्यांचा फार अभिमान आहे, आणि म्हणूनच जे त्यांनी केलं ते पुरेसं मोठं आहे, न केलेलं त्यांच्या नावावर नको.

प्रश्न : गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यावं का? वर्षाला तीन घेतली तर चालतात म्हणे. आणि गादीच्या गोळ्या, ग्लुकोसामाईन, दोन वर्षं घेतेय. (वय ६६, मडगाव)

उत्तर : गुडघा फार सुजलाय, पाऊलच टेकवत नाही अशा वेळी एखादं इंजेक्शन काही आठवडे मोकळीक देतं, त्याला माझा विरोध नाही. पण ठरवून दर तीन महिन्यांनी नको. अमेरिकेत १४० लोकांना दोन वर्षं दर १२ आठवड्यांनी स्टिरॉइड किंवा नुसतं मिठाचं पाणी टोचून बघितलं, २०१७ चा अभ्यास, दुखण्यात फरक निघाला नाही आणि स्टिरॉइडवाल्यांची कुर्चा उलट जास्त पातळ झाली. २०२० च्या दुसऱ्या एका अभ्यासात १५६ लोकांपैकी निम्म्यांना इंजेक्शन आणि निम्म्यांना फिजिओथेरपी दिली, वर्षाने फिजिओवाले जास्त बरे होते. ग्लुकोसामाईनचा उपयोग पुराव्यात टिकत नाही, ते पैसे वाचवा. दुखेल तेव्हा डायक्लोफेनॅकचं मलम लावा, पोटातल्या गोळीपेक्षा ते बरं, पण किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा. तेलाने मालिश आवडत असेल तर जरूर करा, बरं वाटतं.

मात्र गुडघा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला, किंवा मधेच अडकून सरळच होत नाही, किंवा पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली, तर यातलं काहीही न करता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : ताई मी ६३ वर्षांची आहे, दोन वर्षं गुडघ्यामुळे वारी चुकली. आषाढीला अजून पाच महिने आहेत. सुया घेऊन जमेल का? माऊलीच्या पालखीबरोबर एकदा तरी चालायचंय. (खटाव तालुका)

उत्तर : मावशी, पाच महिने भरपूर आहेत. सुयांवर वारी होणार नाही, पायांवर होईल, म्हणून आजपासून लागा. वर कराडच्या काकांना सांगितलेले व्यायाम पहिले सहा आठवडे तसेच करा. त्यात एक घाला, घराची पायरी असेल तिच्यावर चढणं उतरणं, भिंतीला हात लावून, एका पायाने दहा वेळा, मग दुसऱ्याने. सातव्या आठवड्यापासून एक दिवसाआड चालणं, आणि शेवटच्या महिन्यात आठवड्यातून एकदा तरी डोक्यावर तुळस किंवा पाठीवर पिशवी जे काही नेणार आहात ते घेऊन सलग दोन तास. तेच बूट, तीच चप्पल, जी वारीत घालणार. नवी चप्पल वारीच्या आदल्या दिवशी घ्यायची नाही.

पहिल्याच वर्षी आळंदीपासून निघू नका. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट आहे, लांबचा टप्पा आणि वर चढण. तुम्ही साताऱ्याकडच्याच, तर लोणंदला पालखी येते तिथे सामील व्हा, लोणंद ते तरडगाव टप्पा छोटा आहे, तिथे पायाची परीक्षा होईल. पुढे फलटणपर्यंत जमलं तर पुढचं बघा. दिंडीच्या ट्रकमध्ये बसायला लागलं तर बसा, काहीही कमी होत नाही. पण ट्रकवरून उडी मारून उतरू नका. कोणाचा तरी हात धरा, तोंड ट्रककडे करा, आणि दुखरा पाय आधी खाली.